बुडाली म्हणून कळवलेली बोट

१० ऑगस्ट १८८० रोजी एडन बंदरातून जगभर तारा गेल्या. 'जेद्दा' नावाची आगबोट अरबी समुद्राच्या तोंडाशी, केप गार्दाफुईजवळ बुडाली. कप्तान, त्याची पत्नी आणि थोडे लोक तेवढे वाचले. बोटीवर नऊशेहून अधिक हज यात्रेकरू होते, ते गेले. सिंगापूरला जहाजमालकाला बातमी कळली, लंडनच्या वर्तमानपत्रांनी ती छापली. माणसे हळहळली.

दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्टला, 'जेद्दा' एडनच्या बंदरात दाखल झाली. दुसऱ्या एका जहाजाने तिला दोराने ओढत आणले होते. डेकवर यात्रेकरू होते. जवळजवळ सगळेच जिवंत होते. आणि त्यांना मेलेले म्हणून कळवणारा कप्तान त्याच बंदरात हजर होता.

समुद्रावर बुडालेल्या बोटींच्या कहाण्या आपण खूप वाचल्या आहेत. 'टायटॅनिक' तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. न बुडालेल्या या बोटीची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. मला ती बुडालेल्या अनेक बोटींपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण इथे प्रश्न समुद्राचा कमी आणि माणसांचा अधिक आहे.

'जेद्दा' १८७२ मध्ये स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे बांधली गेली, ती खास हजच्या वाहतुकीसाठीच. मालक होते सिंगापूरचे अरब व्यापारी सय्यद मोहम्मद अलसगॉफ. झेंडा ब्रिटिश, अधिकारी बहुतेक ब्रिटिश आणि उतारू मलाया-जावा भागातले मुसलमान. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातली वाहतूक झपाट्याने वाढली. त्याआधी शिडाच्या जहाजाने हजला जायचे म्हणजे वर्ष-दीड वर्षाची तयारी. आगबोटींमुळे अंतर आटोपशीर झाले, भाडे गरिबाच्या आवाक्यात आले आणि हज हा मोठा धंदा झाला. यात्रेकरू हा कंपन्यांच्या दृष्टीने फार सोयीचा माल होता. तो स्वतः चढतो, स्वतः उतरतो, आपले जेवण आपण शिजवतो आणि डेकवर हातभर जागा दिली तरी अल्लाहचे आभार मानतो. हा 'माल' शब्द माझा असला, तरी त्या काळच्या भाडेव्यवहाराकडे पाहिले तर दुसरा शब्द सापडत नाही.

१७ जुलै १८८० रोजी 'जेद्दा'ने सिंगापूर सोडले. वाटेत पेनांगला थांबून ती पश्चिमेकडे निघाली. बोटीवर पुरुषांसोबत शेकड्याहून जास्त स्त्रिया होत्या, लहान मुले होती. आताच्या मोठ्या जहाजांपुढे ही बोट म्हणजे होडकेच, एक हजार टनांच्या आसपासची. सगळ्या उतारूंना पुरतील इतक्या लाइफबोटी तिच्यावर नव्हत्या. तशी सक्ती कायद्यातही नव्हती. 'टायटॅनिक' बुडेपर्यंत, म्हणजे आणखी ३२ वर्षे, किती होड्या ठेवायच्या हे माणसे मोजून नव्हे तर जहाजाचे टनेज पाहून ठरत होते.

१७ जुलै ही तारीख महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने आठवते. १९४७ साली याच तारखेला, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला अपघात कळायला पोहून आलेल्या माणसाची वाट पाहावी लागली. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची मला हौस नाही. पण जुलै महिना आणि अरबी समुद्र हे शब्द एकत्र आले की कोकणातला माणूस सावध होतो, तो उगाच नाही.

कारण पावसाळ्यात या समुद्राचे सर्वांत रागीट तोंड कोकण किनाऱ्यावर नसून पलीकडे, सोमालियाच्या टोकाला असते. नैर्ऋत्य मोसमी वारे तिथूनच वेग घेऊन आपल्याकडे येतात. जुलै-ऑगस्टमध्ये गार्दाफुई आणि सोकोत्रा बेट यांच्या मधल्या पाण्यात वाऱ्याचा जोर सर्वाधिक असतो. आपल्या शेतात जो पाऊस पडतो, त्याचा वारा तिथे बोटी उलटवत असतो. मुंबईच्या मोगल लाइनची 'सौदी' ही बोट १९७३ च्या जूनमध्ये गार्दाफुईजवळच बुडाली आणि तिच्याबरोबर खलाशीही गेले. १८८० ची 'जेद्दा' त्याच पाण्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिरली.

ऐन पावसाळ्यात निघायची घाई काय होती, असे कुणी विचारेल. त्या वर्षीचा हज होता नोव्हेंबरच्या मध्याला. पण हिशोब मांडून पाहिला तर हिजरी १२९७ चा रमजान ७ ऑगस्ट १८८० च्या आगेमागे, एक दिवस इकडे किंवा तिकडे, सुरू होतो. रमजानचा मोठा भाग पवित्र शहरात मिळावा आणि मग हजपर्यंत तिथेच राहावे, ही यात्रेकरूंची जुनी इच्छा. ही तारीख लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टी याच रात्रींमध्ये घडल्या आहेत.

बोट आधी कुठे मोडली, तर पोटात. समुद्र खवळल्यावर बोट डावी-उजवीकडे इतकी झुकू लागली, की बॉयलर आपल्या बैठकीवरून हलले. पाण्याने भरलेला लोखंडी बॉयलर म्हणजे केवढे धूड. ते जागेवरून सरकले, की त्याला जोडलेले नळ तुटणारच. इंजिन विभागाने पाचरी ठोकून ते कसेबसे बसवले. ६ ऑगस्टला पाचरी निसटल्या. नळांच्या जोडातून समुद्राचे पाणी आत येऊ लागले. बोट थांबवून दुरुस्ती केली. ६ ऑगस्टच्या रात्री एकच बॉयलर पेटवून ती हळूहळू पुढे सरकली, तर गळती आणखी वाढली. पुन्हा थांबवली. थांबलेली बोट तर जास्तच हेलकावे खाते. बॉयलर मोकळे सुटले, नळ उखडले, इंजिन निकामी झाले. शिडे लावून पाहिली, ती वाऱ्याने फाडून नेली.

या सगळ्या दिवसांत यात्रेकरू काय करत होते? पाणी उपसत होते. इंजिनाच्या खोलीतून वर डेकपर्यंत माणसांच्या रांगा लागल्या होत्या आणि पाणी हाताने बाहेर काढले जात होते. यांतले बरेचसे शेतकरी आणि लहान व्यापारी, कित्येक जण वयस्कर. हज माणूस उतारवयात करतो, सगळी देणीघेणी चुकवून, मुलीबाळींची लग्ने उरकून, सगळ्यांची माफी मागून. असे लोक पाळ्या लावून दिवसरात्र पाणी उपसत होते.

७ ऑगस्टला कप्तान जोसेफ लुकास क्लार्कने होड्या तयार करायला सांगितले. उतारूंना हे दिसले. खाली आपण पाणी उपसतो आहोत आणि वर ज्यांना बोट चालवता येते ते निघून जाण्याच्या तयारीत आहेत, हे लक्षात आल्यावर जे व्हायचे तेच झाले. त्यांनी होड्या अडवल्या. झोंबाझोंबी झाली, मारामारी झाली. एक होडी खाली सोडण्याच्या गडबडीत काही जण पाण्यात पडून बुडाले. शेवटी ८ ऑगस्टच्या पहाटे दोनच्या सुमारास उजव्या बाजूची होडी सुटली. तिच्यात कप्तान, त्याची पत्नी, मुख्य अधिकारी ऑगस्टीन पॉडमोर विल्यम्स, मुख्य इंजिनिअर आणि इतर काही जण होते. आणि, हे मुद्दाम नोंदवतो, जहाजमालकाच्या घराण्यातला एक माणूसही त्याच होडीत होता. ही गोष्ट गोरे अधिकारी विरुद्ध मुसलमान उतारू अशी सरळ रेषेत मांडण्याचा मोह होतो. पण मालकाचे नाव सय्यद असल्याने डेकवरच्या माणसाची जागा काही रुंद झाली नव्हती. होडीत बसताना ओळखीचा, वर्गाचा आणि पैशाचा विचार झाला, धर्माचा नंबर त्यानंतरचा.

रमजानच्या त्या पहिल्या-दुसऱ्या रात्री हजारभर माणसे इंजिन नसलेल्या, कप्तान नसलेल्या, पाण्याने भरत चाललेल्या बोटीवर अंधारात राहिली.

होडीतल्या मंडळींना सकाळी दहाच्या सुमारास 'सिंदिया' नावाच्या जहाजाने उचलले. (सिंदिया म्हणजे आपले शिंदेच. साहेबांनी ज्यांच्याशी लढाया केल्या त्यांची नावे जहाजांना दिली.) एडनला उतरल्यावर त्यांनी सांगितले, की यात्रेकरू हिंसक झाले होते, त्यांनी दोन अधिकाऱ्यांना ठार केले आणि बोट बुडाली. 'बुडाली' हे त्यांनी पाहिलेले नव्हते. अंधारात बोटीचे दिवे दिसेनासे झाले एवढेच त्यांनी पाहिले होते.

इकडे यात्रेकरूंनी काम सोडले नव्हते. मागे राहिलेल्या थोड्या खलाशांच्या मदतीने त्यांनी इंजिनाच्या खोलीतले पाणी उपसून कमी केले. उरलेसुरले शीड लावले आणि बोट किनाऱ्याच्या दिशेने वळवली. संकटाची खूण म्हणून निशाण चढवले. ज्यांना भडकलेला जमाव म्हटले गेले, ते लोक रात्रभर कामाच्या पाळ्या पाळत होते. ८ ऑगस्टलाच शांघायहून लंडनला जाणाऱ्या 'अँटेनर' या जहाजाला ही खूण दिसली. त्या जहाजावरही शेकडो उतारू होते, तरी कप्तान ब्रॅगने आपले जहाज वळवले. त्याचा मुख्य अधिकारी कॅम्पबेल होडीतून 'जेद्दा'वर चढला. हा खरा धीराचा माणूस. उतारूंनी आपल्या अधिकाऱ्यांना मारले अशी बातमी त्या बंदरात फिरणार होती, आणि हा त्याच उतारूंमध्ये एकटा जाऊन उभा राहिला. त्याला कुणी हात लावला नाही. दोरखंड बांधले, पाणी उपसणे चालूच ठेवले आणि तीन दिवसांत बोट एडनला आली.

एडनला चौकशी बसली. एडन त्या काळी मुंबई इलाख्याच्या सरकारकडे होते, त्यामुळे ही चौकशी एका अर्थाने मुंबईच्याच दप्तरातली. मुख्य इंजिनिअरने बॉयलर नीट हाताळले नाहीत असे कोर्टाने म्हटले. विल्यम्सने कप्तानाच्या मनात भीती भरली, उतारू तुला आणि तुझ्या पत्नीला जिवंत ठेवणार नाहीत असे पटवून त्याला होडीत बसायला लावले, यावर कडक ताशेरे मारले. एवढ्याशा बोटीवर, असल्या हवामानात, जवळपास हजार माणसे भरायला परवानगी मिळतेच कशी, हाही प्रश्न विचारला. आणि कप्तान क्लार्कला शिक्षा काय झाली? तीन वर्षे परवाना रद्द. नऊशे माणसांना समुद्रात सोडून दिल्याबद्दल तीन वर्षे. सिंगापूरच्या विधिमंडळात यावरून नाराजी उमटली, पण शिक्षा वाढली नाही.

कप्तानाची भीती अगदीच खोटी होती असे मला म्हणायचे नाही. माणसे घाबरलेली होती, चिडलेली होती, मारामारी झाली होती. पण ती कधी झाली? होड्या काढायला लागल्यावर. त्याआधीचे सगळे दिवस हीच माणसे त्याच अधिकाऱ्यांच्या हुकुमावर पाणी उपसत होती. कोर्टापुढचा क्रम पाहिला तर आधी विश्वासघात आहे आणि मग हाणामारी. एडनहून गेलेल्या बातमीत हा क्रम उलटा झाला. १८५७ च्या उठावाला तेव्हा २३ वर्षेच झाली होती. 'धर्मवेडे मुसलमान' हे चित्र साहेबाच्या डोक्यात तयारच होते, विल्यम्सला ते फक्त दाखवावे लागले. आणि ज्यांनी ही बातमी वाचली, त्यांनीही बोट बंदरात येईपर्यंत त्यावर शंका घेतली नाही.

नंतर मात्र इंग्रजी वर्तमानपत्रे खवळली, आणि त्यामागे त्यांचीही एक कहाणी होती. १८५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'बर्कनहेड' हे लष्करी जहाज खडकावर फुटले, तेव्हा सैनिक डेकवर रांगेत उभे राहिले आणि बायकामुलांना आधी होड्यांत जाऊ दिले. शेकडो सैनिक बुडाले. ब्रिटिश दर्यावर्दी म्हणजे काय, हे सांगायला त्या प्रसंगाचे दाखले दिले जात. 'जेद्दा'ने त्या अभिमानावर पाणी ओतले. त्यामुळे वर्तमानपत्रांतला बराचसा संताप 'आमची अब्रू गेली' असा होता. यात्रेकरूंवर काय गुदरले असेल, हा विषय त्या मानाने मागेच राहिला.

मुंबई हे हिंदुस्थानातले हजचे मुख्य बंदर असल्याने इथेही हेच प्रश्न होते. जादा भरणा, दलालांची लूट, कॉलऱ्याची भीती. १८८३ मध्ये मुंबईत यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा आला. १८८६ मध्ये सरकारने हजची व्यवस्था चक्क थॉमस कुक कंपनीकडे सोपवली, आणि काही वर्षांतच ती व्यवस्था गुंडाळली गेली. १८७७ मध्ये मुंबईत सुरू झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली आणि तिच्या बोटींवर कोकणातली कितीतरी घरे जगली. आमचे मोठे अब्बा याच कंपनीच्या बोटीने हजला गेले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात काढलेले दिवस, धक्क्यावर निरोप द्यायला आलेली अख्खी गल्ली, हे ते रंगवून सांगत. समुद्राबद्दल विचारले की गप्प होत. "पाणी होतं," एवढेच म्हणत. १९९५ नंतर मुंबईहून हजच्या बोटी बंद झाल्या आणि हा विषय घराघरांतून संपला.

तांबड्या समुद्रातला मात्र संपला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये जेद्दाहून निघालेली 'सालेम एक्स्प्रेस' सफागाजवळ प्रवाळखडकावर आपटून बुडाली. तिच्यावर हज-उमरा करून परतणारे लोक होते. अधिकृत आकडा ४७० मृतांचा. फेब्रुवारी २००६ मध्ये दुबाहून सफागाला निघालेल्या 'अल-सलाम बोकाचिओ ९८'वर मोटारींच्या डेकला आग लागली. विझवायला मारलेले पाणी बाहेर जायची वाट तुंबली, ते आतच साचले आणि त्या पाण्याच्या वजनानेच जहाज कलंडले. चौदाशेच्या आसपास माणसे होती, चारशेसुद्धा वाचली नाहीत. बहुतेक सगळे सौदीत मजुरी करणारे इजिप्ती. जहाजाचा मालक इजिप्तच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्य होता. तो देश सोडून गेला, २००८ मध्ये निर्दोष सुटला आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर २००९ च्या अपिलात त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, तीही गैरहजेरीत. इथे मालक मुसलमान, उतारू मुसलमान, न्यायालय मुसलमान देशाचे. १६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियात 'सेवोल' कलंडली, तेव्हा शाळेच्या मुलांना "जागेवरच बसा" असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात होते आणि कप्तान पहिल्या सुटका झालेल्यांत होता. ३०४ जण गेले. त्या कप्तानाला जन्मठेप झाली. क्लार्कच्या तीन वर्षांच्या निलंबनाशेजारी ही शिक्षा ठेवून पाहा.

आता विल्यम्सबद्दल. तो सिंगापूरला परतला, बंदरातल्या जहाजांना सामान पुरवणाऱ्या दुकानात कामाला लागला, त्याच शहरात संसार केला, १९१६ मध्ये वारला आणि बिदादरीच्या दफनभूमीत पुरला गेला. एका पाद्र्याचा मुलगा, उंचापुरा, आणि सारे बंदर त्याची गोष्ट ओळखून. १८८३ मध्ये एक तरुण पोलिश खलाशी सिंगापूरला आला, त्याच्या कानावर ही गोष्ट पडली. पुढे तो जोसेफ कॉनरॅड या नावाने लेखक झाला आणि १९०० मध्ये त्याची 'लॉर्ड जिम' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. कादंबरीतल्या बोटीचे नाव 'पाटणा', तिच्यावर ८०० यात्रेकरू. जिम होडीत उडी मारतो आणि मग आयुष्यभर त्या एका उडीपासून पळत राहतो. कादंबरी मोठी आहे, यात वाद नाही. भेकडपणाचा इतका बारीक तपास फार थोड्यांनी केला असेल. मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडलो.

कॉनरॅडच्या 'पाटणा'वर अधिकारी उतरतात त्या रात्री समुद्र शांत आहे आणि यात्रेकरू झोपलेले आहेत. त्यांना काही कळतच नाही. चटयांवर, घोंगड्यांवर, बायामुलांसकट ते गाढ झोपले आहेत, आणि जिमच्या मनातले वादळ तेवढे जागे आहे. कथेला ते सोयीचे आहे. उतारू जागे असते, तर जिमला त्यांच्या डोळ्यांत पाहावे लागले असते, त्यांच्याशी बोलावे लागले असते, कदाचित त्यांच्यातल्या एकाला नावही द्यावे लागले असते. कादंबरीत त्यांना एडनपर्यंत नेते ती एक फ्रेंच युद्धनौका.

'जेद्दा'वर त्या रात्री कुणी झोपले नव्हते. कित्येक दिवस झोपले नव्हते. एडनच्या बंदरात दोर सोडला, तेव्हाही खाली इंजिनाच्या खोलीत पाणी होतेच.